मॉर्फिन रुग्णापासून दूर कसे गेले
मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर, राजस्थानातील चित्तोडगड आणि उत्तर प्रदेशाच्या काही भागांत सरकारी परवान्याने अफू पिकते. ती परदेशी औषध कंपन्यांनाही विकली जाते. तरीही तिच्यापासून बनणारे वेदनाशामक मॉर्फिन आपल्याच देशात कॅन्सरच्या वेदनेने तळमळणाऱ्या बहुतेक रुग्णांपर्यंत पोचत नाही. गोळी स्वस्त आहे, माल देशातला आहे, म्हणूनच ही गोष्ट अधिक लागते.

वेदनेकडे पाहण्याची जुनी दृष्टी सतराव्या शतकातल्या फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तची. पाय पोळला की जणू दोर ओढला जातो आणि मेंदूत घंटा वाजते, असे त्याने मांडले. त्यातून एक समज रुजला: जखम जेवढी, दुखणे तेवढे, जखम दिसत नसेल तर रुग्ण वाढवून सांगतोय. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील आंझिओच्या आघाडीवर अमेरिकन डॉक्टर हेन्री बीचर यांना उलटेच दिसले. मोठ्या जखमा झालेले कित्येक सैनिक विचारूनही वेदनाशामक नको म्हणत होते.

या कोड्याचे उत्तर १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी सुचवले. बारीक चेतातंतूंनी आणलेला वेदनेचा संदेश मज्जारज्जूतून जसाच्या तसा वर जात नाही. स्पर्शाचे जाड तंतू त्याला तिथेच अडवू शकतात आणि मेंदूही वरून त्याचा जोर कमी-जास्त करतो. ठेच लागल्यावर अंगठा चोळला की बरे वाटते, ते यामुळेच. सिद्धांताचे तपशील पुढे बदलले, गाभा टिकला. १९७३ मध्ये मेंदूत अफूजन्य द्रव्ये जाऊन बसण्याच्या जागा सापडल्या, दोन वर्षांनी त्याच जागांसाठी शरीर स्वतः तयार करत असलेली द्रव्येही सापडली. मॉर्फिन काम का करते, ते तेव्हा कळले.

लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची अखेरपर्यंत काळजी घेणारे केंद्र, सुरू केले. दुखणे असह्य होईपर्यंत थांबायचे नाही, आधीचा डोस उतरण्यापूर्वी पुढचा द्यायचा, हा त्यांचा आग्रह. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांची पायरी-पायरीची पद्धत जाहीर केली. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना हे देशातील पहिले हॉस्पिस उभे राहिले.

पण १९८५ मध्येच अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस, आला होता. रोख तस्करीवर होता, झळ रुग्णांना बसली. किमान दहा वर्षांच्या सजेची तरतूद आणि वेगवेगळ्या खात्यांचे वेगवेगळे परवाने. त्यातल्या एकाची मुदत संपली तरी सगळे अडायचे. औषध दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणे सोडले, रुग्णालयांनीही. दहा-बारा वर्षांत देशातील वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घटला. त्या काळात शिकलेल्या डॉक्टरांच्या एका पिढीने मॉर्फिन लिहून देणे कधी पाहिलेच नाही, आणि माझ्या मते कायद्यापेक्षा हे नुकसान मोठे.

केरळने वाट काढली. १९९३ मध्ये कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमन केंद्र सुरू केले. पुढे तिथून घरोघरी जाणाऱ्या स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले. बऱ्याच पाठपुराव्यानंतर २०१४ मध्ये संसदेने कायदा बदलला. आता मान्यताप्राप्त रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकच परवानगी पुरते.

कागदावरचा अडसर गेला, घरातली भीती आहे. गोळी हातात घेऊन नातेवाईक हळूच विचारतात, ‘सवय तर लागणार नाही ना?’ वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली नेमून दिलेल्या मात्रेत घेतल्यास व्यसन लागण्याचा धोका कमी असतो. साधी गोळी दर चार तासांनी द्यायची. झोपमोड नको म्हणून रात्री झोपताना बहुधा दुप्पट मात्रा सांगतात. बद्धकोष्ठ मात्र जवळपास सगळ्यांना होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवे. ते चिठ्ठीत नसेल तर डॉक्टरांना जरूर विचारावे.