हॅरियट, जो

(१५ जुलै १९२८ – २ जानेवारी १९७३). जमैकात जन्मलेले आणि लंडनमध्ये नावारूपाला आलेले जाझ संगीतकार व ऑल्टो सॅक्सोफोनवादक. जन्म किंग्स्टन येथे. तिथल्या कॅथलिक जोगिणींच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये ते वाढले आणि शाळेच्या बँडमध्येच क्लॅरिनेट शिकले. १९५१ मध्ये एका बँडबरोबर ते इंग्लंडला गेले आणि तिथेच राहिले.

अमेरिकन सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या बीबॉप (वेगवान, गुंतागुंतीच्या जाझ) शैलीवर त्यांचा हात पक्का होता, पण खरी कामगिरी पुढची. रुग्णालयातल्या लांबलेल्या मुक्कामात त्यांना मुक्त जाझची कल्पना सुचली. शेक कीन (ट्रंपेट), पॅट स्माइथ (पियानो), कोलरिज गुड (डबल बेस) आणि फिल सीमन (ड्रम) यांच्यासह १९६० मध्ये ‘फ्री फॉर्म’ ही ध्वनिमुद्रिका तयार झाली. तत्त्व सोपे, निभावणे कठीण : कायम ताल, चार मात्रांची चाल, ठरलेली धून, अपेक्षित कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह), आवर्तनांची वाटणी यांपैकी निदान एक गोष्ट प्रत्येक रचनेत धरून ठेवायची, बाकीच्या गरज पडल्यास सोडायच्या. अशा वादनात एकाने कान बंद केले की सगळा डोलारा कोसळतो. पुढच्या ‘अॅब्स्ट्रॅक्ट’ला अमेरिकेतल्या ‘डाउन बीट’ मासिकाने पाच तारे दिले.

एक धरायचे आणि बाकी सोडायचे, ही सवय हिंदुस्थानी रागाशी जुळणारीच होती. कोलकात्यात जन्मलेले व्हायोलिनवादक जॉन मेयर यांच्यासह निघालेल्या ‘इंडो-जाझ स्वीट’ (१९६६) या ध्वनिमुद्रिकेत दिवाण मोतीहार सतारीवर, तर मुंबईचे केशव साठे तबल्यावर होते. जाझवाल्यांना इथे कॉर्डऐवजी रागाचे स्वर सांभाळायचे होते. त्यातल्या गौड सारंग रागाचेच पाहा. ‘ग रे म ग’ ही वक्र चाल त्याचा प्राण. सॅक्सोफोनवर सरळ वर धावत गेले की राग हातचा जातो. शिवाय ऑल्टोवर जो स्वर ऐकू येतो, त्याची बोटे वेगळ्याच स्वराच्या नावाची असतात : सतारीचा षड्ज (हार्मोनियमची) काळी एक असेल, तर वादकाला काळी पाचची बोटे टाकावी लागतात. कॉर्ड बदलत नसल्याने नेहमीच्या तयार तुकड्यांचाही उपयोग होत नाही.

मुंबईत जन्मलेले गोवेकर गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा यांच्याबरोबरची ‘हम दोनो’ (१९६९) ही त्यांची सर्वांत मोकळी, प्रसन्न ध्वनिमुद्रिका. गिटार आणि सॅक्सोफोन एकमेकांना वाट देत पुढे जातात. नॉर्मा विन्स्टन यांचा शब्दांविना गळा तिसऱ्या वाद्यासारखा मिसळतो. ऐकायला सुरुवात करायची तर हिच्यापासून.

त्यानंतर कामे आटली. हॅरियट गावोगाव हिंडून स्थानिक वादकांच्या साथीने कार्यक्रम करत राहिले; पैसा उरला नाही. कर्करोगाने साउथॅम्प्टन येथे त्यांचे निधन झाले. दफन तिथल्याच बिटर्न भागातील चर्चच्या आवारात.