ओव्हरक्लॉकिंगची मर्यादा : कोकण किनारपट्टीवरील दोषशोधन

डेस्कटॉप संगणकाचा प्रोसेसर कारखान्याने ठरवलेल्या गतीपेक्षा जास्त गतीने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. ही गती एका टप्प्यापर्यंतच वाढते. त्यापुढे मशीन हँग होते, निळा स्क्रीन येतो, किंवा आकडा वाढूनही काम पूर्वीपेक्षा हळू होते. असे का झाले याचा शोध घेण्याची रीत सगळीकडे एकच असली, तरी अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात चिपच्या आधी हवेकडे आणि विजेच्या पुरवठ्याकडे पाहावे लागते.

बहुतेक आधुनिक प्रोसेसरांत १०० मेगाहर्ट्झच्या मूळ घड्याळाला एका गुणकाने गुणून गती मिळते. गुणक ४५ असेल तर गती ४.५ गिगाहर्ट्झ. इंटेलच्या 'के' अक्षर असलेल्या प्रोसेसरांचा गुणक मोकळा असतो, पण त्याला झेड मालिकेचा चिपसेट (मदरबोर्डवरची नियंत्रक चिप) लागतो. एएमडीच्या बहुतेक रायझन प्रोसेसरांचा गुणक मोकळा असतो, मात्र ए मालिकेच्या चिपसेटवर तो हलत नाही. गुणक बदलतच नसेल तर आधी एवढेच तपासावे. १९९८ साली सेलेरॉन ३००ए या इंटेलच्या स्वस्त प्रोसेसरचे बस-घड्याळ, म्हणजे मूळ घड्याळ, ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेले की तो ४५० मेगाहर्ट्झवर चालत असे. आता टर्बोच्या, म्हणजे गरजेप्रमाणे आपोआप गती वाढवण्याच्या सोयीच्या, रूपाने कारखानाच चिपची बरीचशी ताकद वापरून घेतो, त्यामुळे वापरणाऱ्याच्या वाट्याला थोडेच उरते. तेही प्रत्येक नगात सारखे नसते. एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसर वेगवेगळ्या गतीला अडतात.

अडण्याचे मूळ कारण वेळेत आहे. ५ गिगाहर्ट्झला घड्याळाचा एक ठोका २०० पिकोसेकंदांचा असतो, आणि तेवढ्यात संकेत ट्रान्झिस्टरांच्या साखळीतून पार होऊन स्थिर व्हावा लागतो. व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर लवकर पलटतात, पण खर्च होणारी वीज गतीच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. गती ४.५ वरून ४.८ गिगाहर्ट्झ आणि व्होल्टेज १.२० वरून १.३२ केले, तर गती जेमतेम ७ टक्के वाढते, उष्णता मात्र सुमारे २९ टक्के. त्यात चिप तापली की गळतीचा प्रवाह वाढतो आणि ती आणखी तापते.

ही उष्णता शेवटी खोलीतल्या हवेलाच द्यायची असते. चिपपासून हवेपर्यंत उष्णतेला होणारा एकूण रोध दर वॅटला ०.३५° से. धरला, तर १६० वॅटला चिप हवेपेक्षा ५६° जास्त तापते : २४°च्या खोलीत ८०°, ३५°च्या खोलीत ९१°. मे महिन्यातला उकाडा माणसाला असह्य होतो तो घाम वाळत नाही म्हणून. हीटसिंकला, म्हणजे चिपवर बसवलेल्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांना, घाम येत नाही. दमटपणाचा त्याच्या थंड होण्यावर जवळजवळ परिणाम नसतो, त्याला फक्त पारा कळतो. म्हणून किनाऱ्यावरची खरी कसोटी बऱ्याचदा मार्चमध्ये लागते, जेव्हा पूर्वेचा कोरडा वारा सुटून समुद्राचा वारा उशिरा येतो आणि रत्नागिरीत पारा ३८°च्याही वर जातो. जानेवारीच्या पहाटे ठरवलेली गती मार्चच्या दुपारी टिकत नाही. पत्र्याखालच्या माळ्यावर मशीन असेल तर फरक अधिकच पडतो. चिऱ्याच्या भिंतींच्या कौलारू घरातली आतली खोली या कामाला केव्हाही बरी.

दोष ओळखताना खुणा नीट वाचाव्यात. उष्णतेची मर्यादा आली की मशीन सहसा कोसळत नाही. प्रोसेसर स्वतःच गती उतरवतो. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत हे १००° से.ला होते, रायझन ७००० मालिकेत ९५°ला. एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये लोड असताना गतीचा आकडा घसरताना दिसतो. अशा वेळी व्होल्टेज वाढवणे ही सर्वांत घातक चूक. उलट, तापमान ७०°च्या आत असूनही प्राइम९५ हा प्रोसेसरवर ताण देणारा चाचणी-प्रोग्रॅम चुकीचे उत्तर देत असेल, किंवा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए (हार्डवेअर-चुकांच्या) नोंदी साचत असतील, तर त्या गतीला व्होल्टेज कमी पडते आहे. लोड येताच व्होल्टेज खाली बसते, म्हणून बायोसमधला (मदरबोर्डच्या सेटिंगमधला) आकडा न पाहता लोडखालचा आकडा पाहावा. रॅमचा दोष प्रोसेसरच्या माथी जाऊ नये यासाठी चाचणीपुरती रॅम तिच्या साध्या गतीवर ठेवावी.

तिसरी खूण म्हणजे निळा स्क्रीनही न येता मशीन एकदम बंद पडणे. मदरबोर्डचे व्होल्टेज रेग्युलेटर अति तापले तरी असे होते. पण नारळी-पोफळीच्या वाडीत पंप सुरू झाला की दिवे मंदावतात, त्याच क्षणी मशीन बसत असेल तर संशय आधी पुरवठ्यावर घ्यावा. वीज क्षणभर गेली तर एसएमपीएस (संगणकाचा वीजपुरवठा करणारा डबा) पूर्ण लोडवर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. लोड जितका जास्त, तितका हा अवधी कमी. म्हणूनच नेहमीच्या गतीला जी खोट जाणवत नाही, ती ओव्हरक्लॉक केलेल्या मशीनला पाडते. त्याची बारा व्होल्टची लाइन ११.४ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. चौकोनी लहरीच्या घरगुती इन्व्हर्टरवर काही एसएमपीएस लोड घेताच बंद होतात. त्यामुळे स्थैर्याची चाचणी इन्व्हर्टरवर घेऊ नये. वळवाच्या विजा कडाडत असताना तर मुळीच नाही.

खाऱ्या हवेचा परिणाम हळू असतो आणि तो सहज नजरेतून सुटतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपोआप पाणी ओढून घेते, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर ती पातळी नेहमीच ओलांडली जाते. बोर्डावर बसलेली खारट धूळ ओली होऊन किंचित वीजवाहक बनते. रॅमचे संपर्क आणि पंख्याचे बेअरिंग खराब होते. चालू मशीन आतून कोरडे राहते, म्हणून मिरगापासून दसऱ्यापर्यंत ते रोज थोडा वेळ तरी चालवावे. या दिवसांत हवा २५°पर्यंत थंड झाली तरी दव धरेल इतकी बाष्पाने भरलेली असते, म्हणून खोलीपेक्षा थंड करणारी चिलर किंवा पेल्टियरची साधने येथे टाळावीत. साध्या रेडिएटरचे पाणी खोलीपेक्षा थंड होत नाही, त्यामुळे त्यावर दव पडण्याची भीती नसते.

वर्षभर बिनतक्रार चाललेली गती पुढे टिकेनाशी झाली, तर आधी हीटसिंकच्या पात्यांतली धूळ काढून चिप व हीटसिंक यांमधली उष्णतावाहक पेस्ट बदलावी. तरीही फरक पडला नाही तर चिप झिजलेली असू शकते : जास्त व्होल्टेज आणि उष्णतेत धातूच्या तारांमधले अणू सरकतात, ट्रान्झिस्टर मंदावतात, आणि त्याच गतीला अधिक व्होल्टेज लागू लागते. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले अनेक प्रोसेसर कारखान्याच्याच सेटिंगवर अस्थिर झाले; त्यामागे वाढीव व्होल्टेज असल्याचे कंपनीने सांगून मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला नियंत्रक प्रोग्रॅम) बदलला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झिजलेल्या चिपला व्होल्टेज वाढवत नेऊ नये, गुणक एक-दोनने उतरवावा. मशीन सुरूच होत नसेल तर वीज तोडून मदरबोर्डवरील सीएमओएसचा (सेटिंग साठवणाऱ्या मेमरीचा) जंपर जोडावा किंवा सीआर२०३२ सेल काही मिनिटे काढून ठेवावा. सेटिंग मूळ पदावर येतात. सेलच्या पट्टीवर हिरवट थर दिसला, तर तो पुसून नवा सेल घालावा.