अमेरिकेतल्या पब्लिक हायस्कूलमध्ये सगळ्यांना एकच माप? नाही हो

अमेरिकेतल्या कॉम्प्रिहेन्सिव्ह हायस्कूलमध्ये, म्हणजे भागातल्या सगळ्या पोरांसाठी असलेल्या एकाच सरकारी शाळेत, म्हणे हुशार, साधारण, मागे पडलेली सगळी पोरं एकाच वर्गात कोंबतात आणि हुशारांचं नुकसान होतं, हे वर्षानुवर्षं फिरतंय आणि चूक आहे. छप्पर एक असतं, टाइमटेबल ज्याचं त्याचं. एकच मुलगी गणिताला एपी कॅल्क्युलसमध्ये (कॉलेजच्या पातळीचा वर्ग), इंग्रजीला साध्या वर्गात आणि दुपारी ऑटो शॉपमध्ये (गाड्या दुरुस्तीच्या वर्गात) असू शकते. हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी १९५९ मध्ये हेच मॉडेल उचलून धरलं, गट पाडा पण विषयागणिक पाडा म्हणाले.

आणि शाळेला नको तो विद्यार्थी टाळता येतो, हेही खोटं. सुप्रीम कोर्टातल्या १९७४ च्या लाऊ खटल्यानंतर इंग्रजी न येणाऱ्यांना मदत द्यावीच लागते, १९७५ च्या कायद्याने अपंग मुलांना मोफत आणि त्यांच्या गरजेप्रमाणे शिक्षण मिळालं, आणि १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने टेक्सासला बजावलं की इमिग्रेशनचे कागद नाहीत म्हणून मुलाला शाळेबाहेर ठेवता येणार नाही.

खरी गोची वेगळीच आहे, जिच्याबद्दल कोणी फॉरवर्ड पाठवत नाही: वरच्या लेव्हलच्या वर्गांत कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि गरीब घरची पोरं कमी दिसतात, आणि छोट्या गावच्या शाळेत तर बऱ्याचदा कॅल्क्युलसचा वर्गच नसतो.