अवकाशयानातली ‘खाली’ ही दिशा गेममध्ये आली कुठून?

अवकाशावरच्या बहुतेक गेममध्ये यानात शिरलो की आपण सरळ चालू लागतो. बुटांचा आवाज येतो, हातातली वस्तू सुटली की फरशीवर पडते. हे गुरुत्वाकर्षण तिथे कोण निर्माण करते, हे मात्र गेम क्वचितच सांगतो.

विज्ञानाकडे याचे उत्तर फार आधीपासून आहे: यान फिरवा, म्हणजे आतली माणसे बाहेरच्या कडेकडे दाबली जातात आणि तीच कड त्यांची फरशी होते. रशियन शास्त्रज्ञ कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्स्की यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ही कल्पना मांडली. १९५२ मध्ये रॉकेटतज्ज्ञ वर्नर फॉन ब्राउन यांनी सुमारे ७६ मीटर व्यासाच्या चाकासारखे स्थानक सुचवले. मिनिटाला तीन फेऱ्या घेतल्या की कडेला राहणाऱ्यांना पृथ्वीवरच्या साधारण एक तृतीयांश वजन जाणवणार होते. लहान चाक जोरात फिरवले तर डोके वळवताच गरगरते, म्हणून पूर्ण वजन हवे असेल तर चाक मोठेच लागते. मिनिटाला दोनच फेऱ्या ठेवायच्या तर त्रिज्या सुमारे २२४ मीटर. सप्टेंबर १९६६ मध्ये अमेरिकेचे जेमिनी-११ यान ३० मीटरच्या पट्ट्याने दुसऱ्या यानाला बांधून फिरवले गेले. अंतराळवीरांना काहीच जाणवले नाही, पण समोरच्या पॅनेलपाशी सोडलेला कॅमेरा हळूहळू सरकत मागच्या भिंतीकडे गेला. मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर क्षण वाटतो.

गेममध्ये हे चाक पहिल्यांदा खऱ्या अर्थाने हाताला लागले ते १९८४ च्या ‘एलिट’मध्ये. त्यातल्या स्थानकांचे नावच कोरिओलिस, म्हणजे फिरत्या जागेत हलणाऱ्या वस्तू वळल्यासारख्या दिसतात त्या परिणामाचे नाव. स्थानक स्वतःभोवती फिरत असते आणि आत जायची आडवी फट त्याच्याबरोबर फिरते. आपले यानही त्याच गतीने गोल वळवत आत न्यायचे. जरा चुकले की भिंतीवर आपटून सगळे संपते. स्थानक का फिरते, हे समजावून सांगायला एक वाक्यही लागत नाही, बोटांनाच ते कळते. २०१४ च्या ‘एलिट डेंजरस’मध्ये फिरण्याची आपोआप भरपाई करणारी सोय बंद केली, तर उतरण्याची जागा यानाखालून निसटत जाते.

चालण्याच्या गेमनी मात्र वेगळी वाट धरली. मालिका-चित्रपटांत नटांना सतत तरंगते दाखवणे खर्चाचे, म्हणून तिथे फरशीच ओढून धरते असे गृहीत धरले गेले. गेम ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्या इंजिनालाही तेच सोयीचे होते. १९९६ च्या ‘क्वेक’मध्ये गुरुत्वाकर्षण म्हणजे एकच आकडा, एरवी ८००, एका गुप्त पातळीत तो १०० होतो आणि उड्या लांबच लांब जातात. पण ओढ किती हे बदलले तरी दिशा तीच राहते. फिरत्या चाकात प्रत्येकाची ‘खाली’ वेगळी असते, आणि असल्या इंजिनात ते बसत नाही. म्हणूनच ‘हेलो’ची (२००१) १०,००० किलोमीटर व्यासाची कडी, जिच्या आतल्या बाजूवर गेम घडतो, कथेत भव्य असली, तरी खेळताना ती साधी जमीनच भासते. पृथ्वीइतके वजन फक्त फिरण्यातून मिळवायचे, तर तिला सुमारे ७५ मिनिटांत एक फेरी घ्यावी लागेल.

२००८ च्या ‘डेड स्पेस’ने ही सवयच भीतीसाठी वापरली. काही दालनांत वजन नाहीसे होते, भिंतीवर नेम धरून झेप घ्यावी लागते आणि बूट तिथेच चिकटतात. ज्या फरशीवर आपण इतका वेळ निर्धास्त चाललो, तिच्याच बिघडलेल्या पट्ट्यांवर पाय पडला की जीव जातो.

२०१३ पासून खेळल्या जाणाऱ्या ‘स्पेस इंजिनिअर्स’मध्ये तर गुरुत्वाकर्षणाचे यंत्र खेळाडूच बसवतो, क्षेत्र किती मोठे, ओढ किती, हेही तोच ठरवतो. हे क्षेत्र ‘कृत्रिम वस्तुमान’ नावाच्या ठोकळ्यालाही ओढते, पण उलट बाजूचा धक्का यंत्राला बसत नाही. खेळाडूंनी ही फट हेरली, दोन्ही एकाच यानात बसवले, आणि थेंबभर इंधन न जाळता यान पुढे निघाले.