आयरिशची 'प्राचीन लिपी' म्हणजे नेमकी कुठली?

आयरिशच्या, म्हणजे आयर्लंडच्या मूळ भाषेच्या, प्राचीन लिपीचा विषय निघाला की काहीजण दगडावरच्या रेघांचे फोटो टाकतात, काहीजण जुन्या पाट्यांवरच्या गोलसर अक्षरांचे, आणि दोघांनाही वाटतं की गोष्ट एकच आहे. तसं नाहीये.

रेघांची ती ओघम. दगडाच्या कडेवर खाचा पाडायच्या, पाच-पाचचे चार गट, एकूण 20 अक्षरं, बहुतेक खालून वर वाचायची. साधारण चौथ्या ते सातव्या शतकातले 400च्या आसपास लेख सापडलेत, जास्त करून आयर्लंडच्या केरी-कॉर्क भागात, काही वेल्समध्ये. मजकूर त्रोटक, अमक्याचा, तमक्याच्या मुलाचा, बस्स. (प्रत्येक अक्षर म्हणजे एक झाड वगैरे ऐकलं असेल, ते नंतरच्या पंडितांनी ताणलेलं आहे, खात्रीने झाडांची नावं असलेली अक्षरं निम्मीसुद्धा नाहीत.)

गोलसर अक्षरं मात्र रोमनच. ख्रिस्ती धर्माबरोबर लॅटिन आली, मठातल्या साधूंनी तीच अक्षरं आपल्या वळणाने लिहिली आणि आठव्या शतकात तर लॅटिन पोथ्यांच्या समासात आयरिश टिपणं सापडायला लागतात. म्हणजे ओघमचा आणि या वळणाचा आकारात काही संबंध नाही.

खरा गोंधळ छपाईने घातला. गेलिक (आयरिश आणि तिची स्कॉटलंडमधली बहीण यांचं एकत्रित नाव) भाषेतलं पहिलं छापील पुस्तक 1567 सालचं, स्कॉटलंडच्या एडिंबरामधलं, आणि ते चक्क साध्या रोमन टाइपात आहे! जुन्या वळणाचा टाइप डब्लिनला 1571 मध्ये वापरला गेला, तोही इंग्लंडच्या राणीच्या पैशाने, प्रोटेस्टंट धर्मप्रचारासाठी. पुढे हाच टाइप राष्ट्रीय अस्मिता होऊन बसला. 1922 नंतर आयर्लंडमध्ये स्वतःचं सरकार आलं तरी तोच ठेवायचा की रोमन घ्यायचा यावर अनेक वर्षं घोळ चालला. एका सरकारने रोमनकडे पावलं टाकायची, पुढच्याने मागे फिरायचं. 1937ची राज्यघटना जुन्या वळणातच आहे. टाइपरायटर, छापखाने, खर्च ही कारणं अगदी व्यवहारी होती, पण विरोध करणाऱ्यांना ती शरणागती वाटली. शेवटी 1960च्या दशकात शाळांनी रोमन घेतलं, त्याआधी 1940-50च्या दशकांत स्पेलिंगही आटोपशीर केलं होतं.

रोमनच्या विरोधकांचा सगळ्यात जास्त राग टिंब गेल्यावरून. व्यंजन मऊ झालं (आयरिशमध्ये काही ठिकाणी व्यंजनाचा उच्चार असा बदलतो) की जुन्या टाइपात त्याच्या डोक्यावर आपल्या अनुस्वारासारखं टिंब यायचं, रोमनमध्ये त्याच्या जागी पुढे एच लावतात, म्हणून शब्द लांबलचक दिसतात हे खरंच. पण 'हा एच इंग्रजांचा' ही तक्रार काही टिकत नाही, कारण सी, टी, पी नंतर एच लावायची पद्धत त्या आठव्या शतकातल्या टिपणांमध्येच आहे, टिंब तेव्हा मुख्यतः एफ आणि एस वर असायचं.