प्रकल्पाचा हिशेब कोणी मागायचा? धडगाव-अक्कलकुव्यातून सुरू झालेला प्रश्न

२०१८ साली जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जावर नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. मराठवाडा-विदर्भासोबत खानदेशातला जळगाव जिल्हाही त्यात होता. ठिबक, शेततळी, फळबाग यांच्या अनुदानाबरोबर प्रश्नावली घेऊन माणसंही गावात आली. प्रकल्पाआधीची पाहणी, मग मधली, मग शेवटची, अशी ही रीत आता सगळीकडे रुळली आहे. ती सहजासहजी रुळलेली नाही. तिच्या इतिहासातला एक मोठा तुकडा नर्मदेकाठी, खानदेशाच्या पार उत्तर टोकाला घडला.

सुरुवातीला मोजलं जायचं ते फक्त पीक. पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांना संख्याशास्त्राचा पाया दिला आणि नजरअंदाजाने आणेवारी सांगण्याच्या सवयीला पर्याय उभा राहिला. पुढे सुखात्मे १९५१ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. १९६९ मध्ये अमेरिकी मदत संस्थेने प्रकल्पाचे हेतू, कामं आणि निदर्शकं एकाच तक्त्यात मांडण्याची पद्धत आणली. १९७० मध्ये जागतिक बँकेने स्वतःचा मूल्यमापन कक्ष काढला. पण हा हिशेब बहुतेक बँकेच्या घरातच व्हायचा. ज्यांच्या शेतात प्रकल्प आला त्यांना त्यात बोलायला जागा नव्हती.

१९८५ साली बँकेने नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडणार होती, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतली, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातली. १९७९ मध्ये नर्मदा पाणीतंटा लवादाने जमीनधारक विस्थापिताला किमान दोन हेक्टर जमीन द्यायला सांगितलं होतं. अडचण 'जमीनधारक' कोणाला म्हणायचं इथे होती. पिढ्यान् पिढ्या वनजमीन कसणाऱ्या भिल्ल-पावरा कुटुंबांच्या नावावर सातबारा नव्हता. कागदावर ती अतिक्रमणदार ठरली, म्हणजे भूमिहीन. चुलीवर ज्या शेताची भाकरी होती ते शेतच हिशेबात नव्हतं! पर्यावरणाचंही तसंच. १९८७ मध्ये केंद्राने मंजुरी दिली ती अटींवर, आणि बरेच अभ्यास बांधकाम चालू असताना करायचे ठरले.

बुडिताच्या मणिबेली गावापासून उठलेल्या आंदोलनाचा आवाज वॉशिंग्टनपर्यंत पोहोचल्यावर बँकेने १९९१ मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स आणि थॉमस बर्जर यांचं स्वतंत्र पथक नेमलं. चालू प्रकल्पाची बाहेरच्या माणसांकडून अशी तपासणी बँकेने आधी कधी करवली नव्हती. पथक खोऱ्यात फिरलं, लोकांशी बोललं. जून १९९२ च्या अहवालात त्यांनी स्वच्छ लिहिलं, की चालू परिस्थितीत सगळ्या विस्थापितांचं पुनर्वसन शक्य नाही, पर्यावरणावरच्या परिणामांचा नीट विचार झालेला नाही आणि बँकेने मागे सरावं. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज सोडून दिलं. त्याच वर्षी बँकेने आपल्या प्रकल्पांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं निरीक्षण मंडळ स्थापन केलं. आज जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातलं गाव तिथे अर्ज करू शकतं, त्यामागे नर्मदाकाठच्या या लोकांचे कष्ट आहेत. आपल्याकडे हे फारसं सांगितलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

माणसांचा प्रश्न निदान ऐरणीवर आला. रानातल्या जिवांचा मात्र मागे राहिला. १९९० मध्ये तळोद्याची राखीव वनजमीन पुनर्वसनासाठी मोकळी करण्यात आली. त्या वेळी रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी नामशेष झाला असं धरलं जात होतं, त्यामुळे तो कोणाच्या यादीत असणंच शक्य नव्हतं. त्याचे शेवटचे खरे नमुने १८८० च्या दशकात खानदेशातच जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने गोळा केले होते. नंतर रिचर्ड मायनर्ट्झहागेन या इंग्रज पक्षीसंग्राहकाने त्यातलाच एक नमुना चोरून, १९१४ साली गुजरातेत आपणच मिळवला अशी खोटी चिठ्ठी लावली. त्या चिठ्ठीवर विसंबून शोध भलतीकडे चालू राहिले. ही लबाडी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघडी पाडली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह पक्षी पुन्हा शोधून काढला. पुढच्या पाहण्यांत तो तोरणमाळ आणि तळोद्याच्या रानातही दिसला. प्रकल्पाआधीची नोंद किती महत्त्वाची, आणि खोटी नोंद किती घातक, हे याहून ठळकपणे कुठे दिसेल असं मला वाटत नाही.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडाझुडपांची आणि जिवांची नोंद, करायला सांगितलं. कल्पना उत्तम होती, पण वर्षानुवर्षं काम रखडलं. अखेर राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत आणि महिना दहा लाखांच्या दंडाची तंबी दिली. मग किती नोंदवह्या झाल्या एवढंच मोजलं जाऊ लागलं.

शेतातही हीच गोष्ट. धडगावच्या उतारावरच्या शेतात मक्यासोबत ज्वारी, तूर, उडीद, मोर नावाचं भरडधान्य असं बरंच काही उभं असतं. प्रश्नावलीत विचारतात, "मुख्य पीक कोणतं?" शेतकरी सांगतो, "मका." मग एकरी उतारा लिहिला जातो. संकरित मका दिला तर उतारा वाढतो आणि प्रकल्प पास होतो. सोबतचं पीक आणि घरचं बियाणं गेलं तर त्याला रकानाच नाही. धडगाव भागात बाएफ या ग्रामविकासाचं काम करणाऱ्या संस्थेने गावकऱ्यांसोबत मका-ज्वारीचे स्थानिक वाण गोळा करून बियाणे बँका उभ्या केल्या, त्यांचं मोल इथे कळतं. किती वाण जिवंत आहेत, किती घरांत पेरले जातात, हे निदान तिथे विचारता येतं.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने तर बाहेरच्या पथकाची वाट पाहिलीच नाही. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने ४०० हेक्टरांहून अधिक जंगल राखलं. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथल्या रानभाज्यांच्या पाककला स्पर्धेत बाया रानातून आणलेल्या भाज्या रांधून मांडतात. कोणती भाजी कुठून आणली, यंदा कोणती मिळाली नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. परदेशी निधीच्या पुढच्या प्रकल्पाने आपल्या पहिल्या पाहणीत या बायांना सर्वेक्षक म्हणून नेमावं आणि त्या कामाची मजुरीही द्यावी.