क्रोमच्या कोपऱ्यात लाल दिसतंय? (आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मे महिन्यात तारकर्लीच्या एका होमस्टेचा लॅपटॉप दुकानात आला. तक्रार एकच, "स्लो झालाय." उघडून बघतो तर क्रोममध्ये सत्तेचाळीस टॅब आणि वर उजव्या कोपऱ्यात लाल खूण. मी माऊस तिकडे नेला तसे मालक ओरडले, "बंद करू नको हां, सगळा जातला!" गणपतीपासून त्यांनी लॅपटॉपचं फक्त झाकण मिटलं होतं. बंद असा एकदाही केला नव्हता.

काही जात नाही, मंडळी. 'रीलाँच' दाबलं की क्रोम बंद होऊन पुन्हा सुरू होतं आणि सगळे टॅब जिथल्या तिथे परत येतात. इन्कॉग्निटो (खासगी) खिडकी मात्र परत येत नाही, आणि अर्धवट भरलेला फॉर्म असेल तर तो आधी पाठवून टाका. एवढंच.

ती खूण म्हणजे अपडेट येऊन पडलंय. हिरवी असेल तर दोन दिवसही झाले नाहीत, नारिंगी म्हणजे चारेक दिवस, लाल म्हणजे आठवडा तरी उलटला. अपडेट आपोआप उतरतं, पण तुम्ही ब्राउझर बंद करेपर्यंत जुनाच चालू राहतो. घोळ नेमका इथेच होतो.

ब्राउझरमध्ये चुका सापडतच राहतात, कारण अनोळखी साइटवरून येईल ते त्याला वाचावं लागतं. 2023 चा सप्टेंबर घ्या. चतुर्थी 19 ला होती. तिच्या आठवडाभर आधी वेबपी प्रकारची चित्रं उघडणाऱ्या कोडमध्ये एक भोक सापडलं. मुद्दाम बिघडवलेलं चित्र नुसतं पानावर दिसलं तरी हल्लेखोराला आत शिरता येईल, अशी ती चूक होती. तेच कोड क्रोम, एज आणि फायरफॉक्स तिघांतही होतं. चोरांनी ते वापरायला सुरुवातही केली होती. क्रोमची दुरुस्ती 11 तारखेला आली, फायरफॉक्सची 12 ला. म्हणजे चाकरमानी गावाला पोचायच्या आत औषध तयार होतं, ते घ्यायचं तेवढं बाकी होतं.

दुरुस्ती आली म्हणून निर्धास्त होऊ नका, खरं तर तेव्हाच घाई करायची. क्रोमचं मूळ कोड सगळ्यांना खुलं आहे. जुनं आणि नवं शेजारी ठेवलं की भोक कुठे होतं ते जाणकाराला कळतं. म्हणूनच बहुतेकांचं अपडेट होईपर्यंत गूगल चुकीचा तपशील झाकून ठेवतं. ऑगस्ट 2023 पासून क्रोमची सुरक्षा अपडेट दर आठवड्याला येतात, तीही हे मधले दिवस कमी व्हावेत म्हणूनच.

आमच्याकडे सर्वांत जास्त ऐकू येणारं उत्तर म्हणजे "सीझन संपू दे, मग बघू." पण हापूसचे ॲडव्हान्स आणि खोल्यांचं बुकिंग सीझनमध्येच येतं ना?

दुसरी तऱ्हा घाबरणाऱ्यांची. व्हॉट्सॲपवर 'क्रोम धोक्यात' असा मेसेज आला की त्यातलीच लिंक दाबायची. देवगडकडच्या एका बागायतदारांनी अशाच पानावरून 'अपडेट' नावाची एपीके फाइल (म्हणजे ॲप बसवणारी फाइल) फोनमध्ये उतरवली होती. नशीब, इन्स्टॉल करायच्या आधी विचारायला आले. वेबपानावर 'तुमचा ब्राउझर जुना झाला' असं झळकलं तर ते पान बंद करा. खरं अपडेट कॉम्प्युटरवर तीन टिंबं, 'हेल्प', 'अबाउट गूगल क्रोम' इथे मिळतं. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये. तिथे 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू'सुद्धा अपडेट करा, कारण अनेक ॲप आतली वेबपानं त्याच्यातूनच दाखवतात. आयफोनची सफारी आयओएसच्या अपडेटबरोबर येते.

विंडोज 7 वाल्यांना स्पष्टच सांगतो. तुमच्यासाठी क्रोमची शेवटची आवृत्ती 109, जानेवारी 2023 ची. त्यानंतर सापडलेली भोकं तशीच उघडी आहेत, आणि आम्हीही ती बुजवू शकत नाही. ते मशीन बिलं छापायला ठेवा, बँकेचं काम त्यावर नको.

पैसे गेलेच तर आम्हाला फोन करण्याआधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला करा, जितक्या लवकर तितकं बरं. आमच्या दुकानातून फोन करून कुणी ओटीपी मागणार नाही की स्क्रीन शेअर करायला लावणार नाही.

ब्राउझर अपडेट करून द्यायचे आम्ही पैसे घेत नाही. लॅपटॉप आणाल तेव्हा चार्जर तेवढा आठवणीने आणा, लाइट असेल तेव्हाच काम उरकता येतं.